फलाटावरचा पांढरा घोडा

३ जानेवारी १९५८, शुक्रवार. हिंगणघाट.
आजपासून रोज लिहिणार. एक दिवसही खाडा नाही.
काल शाळेच्या ड्रॉइंग हॉलमध्ये फिल्म सोसायटी स्थापन झाली. अध्यक्ष, सेक्रेटरी आणि व्याख्याता मीच. नाइलाज आहे. बावन्न साली मुंबईला जाऊन परदेशी चित्रपट पाहिलेला माणूस या गावात माझ्याशिवाय दुसरा कोण? दीड पाहिला. दुसऱ्याच्या मध्यावर गाडीची वेळ झाली. पण जाणत्याला अर्ध्यावरून पूर्ण ओळखता आलं पाहिजे.
संकल्प केले. पहाटे पाचला उठणे. डिक्शनरीतले दहा शब्द रोज. घरात वऱ्हाडी बंद. हायस्कुलात मराठी-इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाची बायको सोळा वर्षांनंतरही "मी जातो, मी करतो" म्हणते, हे शोभत नाही. अनुसयाला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, बरं, मी प्रयत्न करतो.

४ जानेवारी
साडेसातला उठलो. थंडी फार. डिक्शनरी सापडली नाही.

९ जानेवारी, गुरुवार
नागपूरच्या प्रोफेसर पुंडलिकरावांचं पत्र. त्यांच्या मंडळाकडे एक परदेशी चित्रपट आला आहे, महिनाभर आम्हाला देतील. स्वतः मात्र येऊ शकत नाहीत, कंबर धरली आहे. ठीकच झालं. एका व्यासपीठावर दोन विद्वान नकोत.
एप्रिलमध्ये दिल्लीला चित्रपटकलेवर परिषद. जिल्ह्यातून एक प्रतिनिधी जाणार, नाव कलेक्टर सुचवणार. कलेक्टरला आमच्या शोला बोलवायचं, पुढचं आपोआप होईल. कोट उसवला आहे तो अनुसयाला शिवायला दिला.

१२ जानेवारी, रविवार
थेटरमालक हिरालालशेठकडे गेलो. दोन फेब्रुवारीच्या रविवारी सकाळी थेटर द्यायला तयार. मारामारी आहे का, विचारत होते. म्हटलं, नाही. गाणी? नाही. मग आहे काय? म्हटलं, स्वप्न आणि सत्य यांतला फरक. शेठ बराच वेळ पानाला चुना लावत राहिले. शेवटी म्हणाले, कलेक्टरसाहेब येतात ना, मग काही हरकत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार
पेट्या आल्या. सहा डबे. सोबत प्रोफेसरांनी लिहिलेली छोटी पुस्तिका आहे, "प्रदर्शनापूर्वी अवश्य वाचावी". वाचणार नाही. दुसऱ्याचं मत आधी वाचलं की स्वतःची बुद्धी मरते.
ऑपरेटर तानबाने डबे उघडून पाहिले. अठरा वर्षं या थेटरात मशीन चालवतो, चौथी नापास. फिल्म बोटांच्या टोकांवरून अशी सरकवतो की जणू रेशमाचं लुगडं विकतो आहे. म्हणाला, "माल चोख हाय जी. एकबी जोड नाई." त्याला कलेतलं काय कळणार! पण हात स्वच्छ आहेत.

२३ जानेवारी, गुरुवार
शब्द अपुरे आहेत.
दुपारी तीनला रिकाम्या थेटरात ट्रायल. मी, अनुसया, वर कॅबिनमध्ये तानबा. (अनुसयाला नेलं, कारण सामान्य प्रेक्षकाची प्रतिक्रिया तपासायची होती.) जेवण जरा जड झालं होतं. झुणका, भरली वांगी, तीन वाट्या भात.
गोष्ट अशी. बर्फाचा मुलुख, आडगावचं स्टेशन. स्टेशनमास्तरची बायको वारली आहे. तरी रोज गाडी येते आणि रोज ती उतरते. खरं की स्वप्न, ते दिग्दर्शक सांगत नाही. खाली इंग्रजी अक्षरं येतात. पहिल्या दोन रिळांत ती वाचावी लागली, फार शीण झाला. आणि मग चमत्कार! अक्षरं न वाचताच संवाद मला कळू लागले. जवळजवळ मराठीतूनच. उच्च कलेला भाषेची गरज नसते ती अशी.
मग तो प्रसंग. फलाटावर धुकं. धुक्यातून पांढराशुभ्र घोडा येतो, गळ्यात टांग्याची घंटा. तो सरळ माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, येतो आणि मान लववतो. मागे धोतर नेसलेला एक इसम हार घेऊन उभा, चेहरा थेट आमचे हेडमास्तर सदाशिवराव! (त्या देशातही धोतरासारखं काही नेसतात, ही नवी माहिती.) माझे डोळे भरून आले. नेमकं त्याच क्षणी अनुसयाने कोपर मारलं. पाहतो तो पडद्यावर स्टेशनमास्तर कंदील घेऊन चाललेला, आणि दिवे लागले.
दीड तास कसा गेला कळलं नाही.
वाटेत अनुसयाला विचारलं, काय समजलं? म्हणाली, "त्याले मालूम हाय बायको मेली म्हणून. तरी तो दोन कप चहा मांडते. सपनात नाई, जागेपणीच." म्हणजे काहीच समजलं नाही.

२४ जानेवारी
पहाटे (सव्वासातला) सिद्धांत सुचला. घोडा दिसला की स्वप्न, घोडा नाही तिथे सत्य. सगळा चित्रपट या एका किल्लीने उघडतो. दिल्लीत टाळ्या पडतील.
अनुसयाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "घोडा कोठचा? मले तं नाई दिसला." समजावलं की अप्रशिक्षित डोळ्याला प्रतीकं दिसत नाहीत. तर म्हणते, "तुमी झोपले होते. घोरून राह्यले होते. म्हणून तं कोपर मारलं मी."
डोळे मिटून एकाग्र होणं आणि झोपणं यांतला फरक तिला कळत नाही. वाद घातला नाही. माणसाने मोठं असावं. रात्री जेवलो नाही, तेवढीच शिक्षा.

२९ जानेवारी, बुधवार
ड्रॉइंग मास्तरांकडून सहा फुटी बोर्ड रंगवून घेतला. मध्ये पांढरा घोडा, उधळलेला. (मूळ घोडा शांत होता, पण मास्तरांना दुसरा येत नाही.) खाली: "पाहा! फलाटावरील पांढरा घोडा! स्वप्न की सत्य? विवेचक: श्री. मधुकरराव देवतळे." बैलबाजारापासून जिनिंग कारखान्यापर्यंत बोर्ड हातगाडीवर फिरवला. कलेक्टरसाहेबांचा होकार आला.
तानबा बोर्डापाशी उभा राहून बराच वेळ पाहत होता. मला म्हणाला, "सर, एक डाव फिल्म पुन्हा पाहून घेता का? मी लावून देतो." म्हटलं, गरज नाही, अक्षर न् अक्षर पाठ आहे. त्याने मान हलवली.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७
कोट घातला. अनुसयाने उसवण छान शिवली आहे. लेक्चर अकरा पानं. आज इतिहास घडेल.

त्याच दिवशी, दुपारी ४
डोकं दुखतं आहे. क्रमाने लिहितो.
गर्दी अफाट. हमाल, जिनिंगच्या बाया, खेड्यांतून बैलगाड्या भरभरून माणसं. सगळ्यांना घोडा पाहायचा होता. पहिल्या रांगेत कलेक्टर, सदाशिवराव, हिरालालशेठ. मी चाळीस मिनिटं बोललो. शेवटचं वाक्य: "घोडा येईल तेव्हा समजा, आपण स्वप्नात आहोत." टाळ्या.
पहिलं रीळ. घोडा नाही. दुसरं, तिसरं. मागून कोणीतरी ओरडलं, "घोडा कवा येते बे?" मी उठून हात केला, धीर धरा. चौथं रीळ. पाचवं. बाकं वाजू लागली. "घोडा! घोडा!" सहाव्या रिळात स्टेशनमास्तर कंदील घेऊन निघाला, बर्फात दिसेनासा झाला, आणि पडदा पांढरा.
कलेक्टर माझ्याकडे वळले. इंग्रजीत विचारलं, मिस्टर देवतळे, घोडा कुठे आहे?
एक क्षण, फक्त एक, माझं मन रिकामं झालं. मग सत्य विजेसारखं चमकलं. मी स्टेजवर गेलो आणि मोठ्याने सांगितलं, घोड्याचा भाग कापला गेला आहे. डबे ऑपरेटरच्या ताब्यात होते.
मी आणखी काही म्हणालो नाही. लोक आपणहून वर गेले.
तानबाला जिन्यावरून खाली आणलं तेव्हा त्याचा सदरा फाटला होता आणि कानाजवळ रक्त होतं. हिरालालशेठने सगळ्यांसमोर विचारलं. तो एवढंच म्हणाला, "मी नाई कापली जी." मग माझ्याकडे पाहत राहिला. अशा वेळी गुन्हेगार नजर चुकवतो असं वाचलं होतं. हा चुकवत नव्हता. म्हणजे सराईत.

३ फेब्रुवारी
तानबाला कामावरून काढलं. त्याच्या घरी पत्र्याचा डबा सापडला, आत फिल्मचे बारीक बारीक तुकडे. तो म्हणे, तुटलेल्या जुन्या फिल्मांचे आहेत, अठरा वर्षांत जमवलेले. त्यांत घोडा नव्हता. विकला असणार.
कलेक्टर तडक निघून गेले होते. उद्या वर्ध्याला पत्र टाकून खुलासा करतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार
तानबाची बायको भागाबाई आली होती. मी आतल्या खोलीत पेपर तपासत होतो, बाहेर आलो नाही. अनुसयाशी बोलत होती. गल्लीत त्यांना "घोडाचोर" म्हणतात, नळावर बाया तिला आधी भरू देत नाहीत, असं काहीतरी.
ती गेल्यावर अनुसया दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "सांगून द्या ना जी. एक डाव सांगा, मी झोपलो होतो. जग नाई बुडत." म्हटलं, मी झोपलो नव्हतो. ती म्हणाली, "मंग मी सांगतो हिरालालशेठले." मी सांगितलं की नवऱ्याविरुद्ध थेटरमालकाकडे जाणारी बाई या घरात परत येणार नाही. ती चुलीकडे गेली. स्त्रियांना तर्कापेक्षा दृढता लवकर पटते.

७ फेब्रुवारी
कलेक्टरला पत्र टाकायचं राहिलं. अनुसयाने पोस्टकार्ड मागितलं, माहेरी लिहायचं म्हणे. दिलं. मी काही जुलमी नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
सोसायटीची सभा. मी आणि ड्रॉइंग मास्तर. मास्तर बोर्डाच्या रंगाचे पैसे मागायला आले होते. कोरम नसल्याने सभा तहकूब.
तानबा एका जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या यंत्रावर, लागला म्हणतात. चांगलं झालं. मेहनतीने माणूस सुधारतो. मी त्याच्याबद्दल मनात अढी ठेवलेली नाही.
नवीन लेख सुरू: "हरवलेला प्रसंग: एक शोकांतिका".

१७ फेब्रुवारी, सोमवार
स्टाफरूममध्ये कळलं. तानबाचा उजवा हात रेच्यात गेला. दोन बोटं जागेवर गेली, तिसरं दवाखान्यात काढलं. नवखा माणूस, त्या यंत्राची सवय नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, यंत्रावर काम करताना लक्ष ठेवावं लागतं. घंटा झाली.
घरी अनुसया नव्हती. चूल थंड. अंधार पडता पडता आली, तानबाकडे गेली होती. म्हणाली, उद्यापासून दुपारचा स्वयंपाक तिकडे करीन. विचारत नव्हती, सांगत होती.
लेख पुढे गेला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
प्रोफेसर पुंडलिकरावांचं पत्र. एक मला, त्याचीच नक्कल हिरालालशेठला. उतरवून ठेवतो, कारण यात गंभीर चुका आहेत.
"सौ. अनुसयाबाईंचं कार्ड पोचलं. त्यांनी विचारल्याप्रमाणे कळवतो की या चित्रपटात घोडा नाही. कधीच नव्हता. परत आलेले सहाही डबे मी फूट मोजून तपासले, एक चौकटही कमी नाही. तसंच यात स्वप्नाचा एकही प्रसंग नाही. ती बाई मेलेल्या बायकोची बहीण आहे, रोज त्याला जेवण द्यायला येते. पुस्तिकेत हे पहिल्याच पानावर आहे. आपल्या ऑपरेटरवर अन्याय झाला असल्यास तो तातडीने दूर करावा."
म्हणजे कार्ड माहेरी गेलं नव्हतं. डब्यावरचा पत्ता तिने उतरवून घेतला असणार.
मी तिला विचारलं, हे तू केलंस? ती म्हणाली, हो. तेवढंच. ती पोळ्या लाटत होती.
पुस्तिका शोधली. पेटीखाली होती. पहिलं पान वाचलं. प्रोफेसरांचं मराठी बोजड आहे.

२१ फेब्रुवारी
सदाशिवरावांनी ऑफिसात बोलावलं. हिरालालशेठ तिथेच बसलेले. शेठ तानबाला परत घ्यायला गेले होते. तानबाने पट्टी बांधलेला हात पुढे केला आणि म्हणाला, "शेठ, आता फिल्म कायनं लावू?" शेठ हे सांगताना रडले. व्यापारी माणूस, ऑफिसात, रडतो.
सदाशिवराव म्हणाले, रविवारी त्याच्या घरी जाऊन माफी मागा, नाहीतर शाळेच्या कमिटीपुढे विषय जाईल. मी म्हणालो, मागीन, पण योग्य स्वरूपात. ते म्हणाले, स्वरूप नको. माफी मागा.
दिल्लीला दुसऱ्या तालुक्यातल्या कुठल्याशा डॉक्टरांचं नाव गेलं आहे.

२२ फेब्रुवारी
माफीचा मसुदा. चार पानं. सुरुवात मानवी आकलनाच्या मर्यादांपासून करतो. तिसऱ्या पानावर माफी. उद्या परिणाम उत्तम होईल. तानबा रडेल, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवीन. डावा खांदा.

२३ फेब्रुवारी, रविवार
दुपारी गेलो. अनुसया आधीच तिथे होती, भागाबाईसोबत ज्वारी निवडत होती. मला पाहून उठली नाही. तानबा बाजेवर बसलेला. हात मांडीवर ठेवलेला, पांढरी पट्टी, बोळक्यासारखा. मला बसायला पोतं झटकून दिलं, डाव्या हाताने. भागाबाईने चहा दिला. गुळाचा.
मी कागद काढले. तानबा म्हणाला, "राहू द्या जी. मले मालूम होतं."
म्हटलं, काय?
"तुमी झोपले होते ते. कॅबिनच्या खिडकीतून सारं दिसते ना. तुमची मान मांगं पडली होती, तोंड उघडं होतं. बाईनं दोन डाव हलवलं."
मी विचारलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीस? लोक मारत होते तेव्हा तरी?
तो म्हणाला, "सायब लोक होते समोर. शाळेच्या मास्तरले, झोपला होता म्हणून, मी कसं सांगू? तुमची इज्जत गेली असती. वाटलं, तुमीच सांगसान. उद्या सांगसान, परवा सांगसान."
कागद माझ्या हातात होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्या पानावर मानवी आकलन. मी ते घडी करून खिशात ठेवले. माफी मागितली की नाही, आठवत नाही. ओठ हलले असावेत.
भागाबाई म्हणाली, "आमाले काई नको, मास्तर. भायेर लोक बसले हायेत. तेयले सांगून द्या फक्त."
बाहेर गल्लीत दहाबारा माणसं ओट्यावर बसलेली होती. बिडी ओढत. सगळी उठून उभी राहिली. मी घसा साफ केला. वाक्य तयार होतं, तीनच शब्दांचं. मी झोपलो होतो. तोंड उघडलं आणि ऐकलं तर मी म्हणत होतो की ऑपरेटर तानबा यांच्याबाबत चौकशीअंती आरोप सिद्ध झालेला नाही.
एकाने विचारलं, म्हणजे का जी?
मी म्हणालो, म्हणजे टेक्निकल गैरसमज.
भागाबाई दारातून म्हणाली, "म्हणजे चोर हाय का नाई?"
मी घड्याळ पाहिलं. का पाहिलं कुणास ठाऊक. आतून तानबाचा आवाज आला, "जाऊ दे, भागा. त्यायले उशीर होऊन राह्यला असन."
लोक परत बसले. मी अनुसयाला म्हटलं, चल. ती सुपातले खडे वेचत राहिली. म्हणाली, तुमी व्हा पुढं. मी विचारलं, किती वाजता येशील? तिने सूप पाखडलं. भागाबाईने दार लोटलं.
कोपऱ्यापर्यंत गेलो, थोडा वेळ उभा राहिलो. कोणी आलं नाही.
घरी आलो. भात लावला. खाली लागला. वरचा खाल्ला.